मामाची मांडी

प्रकरण एकोणिसावे

नय्यांडी मेळाचा पहिला ठोका ताडबनापलीकडून ऐकू आला, तेव्हा वडिवूचा हात पोंगलच्या मडक्यावर होता तिथेच थबकला. सात वर्षे ज्या ठोक्याची तिने मनोमन प्रतीक्षा केली तो हाच, हे कानांआधी तिच्या काळजाने ओळखले. ती उठली ती गुळाने माखलेल्या हातांनिशीच.

"अत्तै! अण्णा आला! वाजतगाजत आला!"

"ऐकू येतंय मला. डोळे माझ्या भावाचे गेलेत, माझे कान शाबूत आहेत," उलगम्मै म्हणाली. ही वडिवूची सासू आणि तिच्या वडिलांची सख्खी बहीणही. एकाच बाईच्या ठायी सासर व माहेर अशी दोन्ही पीठे वसलेली असल्यामुळे कोणत्या वेळी कोणते बोलेल याचा नेम नसे. "आधी तो जाळ कमी कर. शास्त्याचा नैवेद्य करपला तर मामा येऊन करणार काय?"

तो पंगुनी उत्तिरमचा, म्हणजे कुलदैवत शास्त्याच्या जत्रेचा दिवस होता. नदीकाठच्या शास्त्याच्या रानात प्रत्येक कुळाने आपापली चूल मांडली होती, आणि इतक्या चुलींच्या धुरात ताडांचे शेंडे दिसेनासे झाले होते. देवळापुढच्या मातीच्या मोठ्या घोड्याच्या पायाशी सोनार आसारी सोन्याची सुई, लिंबू आणि हळद मांडून बसला होता. त्याच्यासमोरचा पाट रिकामा होता. त्या पाटावर मामाने मांडी घालून बसायचे, मांडीवर भाचीने बसायचे, आणि मगच सुईने आपले काम करायचे. मामावाचून टोचलेला कान हा कान नव्हे, नुसते भोक, असे आमची थोरली माणसे म्हणत आली आहेत.

वडिवूच्या पूरणीला सातवे वर्ष लागले होते. कान टोचायचे ते विषम वर्षी. पहिल्या वर्षी मामाने निरोप परत पाठवला. तिसऱ्या वर्षी निरोप नेणाऱ्यालाच उंबऱ्यावरून परत पाठवले. पाचव्या वर्षी कुणी गेलेच नाही. बरोबरीच्या पोरी तिला 'मोकळ्या कानाची' म्हणून चिडवीत, आणि ती कुणाचे तरी केस उपटून घरी येई.

"अम्मा, मामा दिसतो कसा?" पूरणीने विचारले.

"नाक तुझ्यासारखं. रागही तुझ्यासारखाच."

"आणि चाल गोगलगायीसारखी," आसारी मध्येच बोलला. "वडिवू, त्याला म्हणावं नाचणं आवर. घोड्याची सावली पोटाखाली शिरली की मुहूर्त संपला. मी सुई पिशवीत घालीन. माझ्या बापासाठीसुद्धा थांबणार नाही."

ताडांच्या ओळीतून मिरवणूक बाहेर पडली आणि रानातील निम्मी माणसे चुली सोडून धावली. पुढे मेळवाले, त्यांच्यामागे वडिवूच्या भावाची, कोंबैयाची बायको सेंबगम, डोक्यावर आहेराचे पहिले ताट घेतलेली, तिच्यामागे आणखी दहा ताटे, नारळांची, केळीच्या घडांची, ताडगुळाच्या ढेपांची, आणि एका ताटात पोरीसाठी हिरवा रेशमी परकर. सर्वांत मागे बैलगाडी, आणि तीत ताठ बसलेले वडिवूचे वडील, वृद्ध मासाणम आसान, ज्यांच्या हाताखाली नदीच्या दोन्ही काठांवरच्या तीन पिढ्या सिलंबम, म्हणजे काठीचा खेळ, शिकल्या होत्या. मेळाच्या मधोमध कोंबैया होता. त्याच्या हातातील वेळूची काठी इतक्या वेगाने फिरत होती, की काठी अशी दिसतच नव्हती. गुणगुणणारे एक चाक तेवढे त्याच्या अंगाभोवती तरंगत होते.

वडिवू हसत होती. हसताना आपल्या गालांवरून पाणी ओघळते आहे, हे तिला उलगम्मैने पदराने पुसले तेव्हाच कळले.

शास्त्याच्या रानाची सीमा म्हणजे चुना फासलेला एक दगड. त्या दगडापाशी कोंबैयाने काठी खाली टेकली. मेळ एकाएकी बंद पडला.

"अण्णा, ये ना! थांबलास का?"

"अप्पा म्हणाले, आहेर घेऊन शास्त्याच्या सीमेपर्यंत चल. चाललो. ही सीमा."

"आणि आत?"

"आत यायचं तुझ्या नवऱ्याच्या हाती आहे. त्यानं एक शब्द बोलायचा. सात वर्षांपूर्वी बोलायला हवा होता तोच. बोलला की मी आत, मांडी आत, म्हणशील तर बैलगाडीही आत."

"लवकर काय ते ठरवा," सेंबगम मागून ओरडली. "ताट माझ्या डोक्यावर आहे, ह्यांच्या नाही!"

लोक हसले, पण ते हसणे फार काळ टिकले नाही, कारण तो शब्द कोणता, हे त्या रानात लहानथोर सर्वांना ठाऊक होते.

सिलंबमच्या खेळात काठीच्या दोन्ही टोकांना ओली काव लावतात. पंच असतो, तथापि तो नावापुरता. ज्याच्या अंगाला टोक लागले त्याने स्वतःच्या तोंडाने 'लागली!' म्हणून ओरडायचे, ही आसानांच्या घराण्याची रीत, आणि या रीतीचा त्यांना काठीपेक्षाही अधिक अभिमान. सात वर्षांपूर्वी याच रानात त्यांचा मुलगा कोंबैया आणि जावई सुडलैमुत्तु समोरासमोर उभे राहिले होते. शेवटच्या वारात आपले टोक मुत्तूच्या पाठीमागे कमरेखाली लागले, असे कोंबैया शपथेवर सांगत होता. मुत्तु बोलला नाही. आसानांनी, तेव्हा त्यांचे डोळे चांगले होते, जावयाच्या भोवती तीन फेऱ्या घातल्या. कुठेही काव दिसली नाही. "बोलला नाही, दिसली नाही, म्हणजे लागली नाही," असा निवाडा त्यांनी दिला. कोंबैयाने काठी बापाच्या पायांशी ठेवली आणि तो घरी निघून गेला. हरण्याचे दुःख त्याला नव्हतेच. आपल्या बापाने आपल्या शब्दापेक्षा कापडावर अधिक विश्वास ठेवला, हे शल्य त्याच्या छातीत रुतून बसले. आणि बापाशी भांडता येत नाही म्हणून त्याने बहिणीचे दार बंद केले.

वस्तुतः दोघेही खरे बोलत होते. हे सत्य जगात फक्त दोन बायकांना माहीत होते, आणि त्यांपैकी एक वडिवू होती.

खेळताना वेष्टी, कमरेभोवती नुसते गुंडाळलेले ते धोतर, खालून दुमडून वर कमरेला खोचतात. खेळ संपल्यावर वडीलधाऱ्या माणसापुढे तसेच उघड्या गुडघ्यांनी उभे राहणे हा उद्धटपणा. म्हणून मुत्तूने आसानांसमोर जाताना वेष्टी सोडली होती. सोडताक्षणी कापडाची बाहेरची बाजू आत गेली, आणि घोट्यांपर्यंत शुभ्र पांढरे कापड तेवढे लोकांसमोर उरले. दुसऱ्या दिवशी नदीवर ती वेष्टी उलटी करताना वडिवूला आतल्या अंगाला पैशाएवढा लाल ठिपका दिसला. तिला तेव्हा सातवा महिना होता. पुरुषांचा खेळ आहे, कापणी झाली की विसरतील, असे तिला वाटले. ती खारी माती लावून तो ठिपका घासू लागली. शेजारच्या दगडावर उलगम्मै भांडी धूत होती. तिने पाहिले, आणि एवढेच म्हणाली, "काव लवकर जात नाही. अजून घास."

कापणी झाली. कुणी काही विसरले नाही. आणि पुढे प्रत्येक वर्षी सांगणे हे आदल्या वर्षीपेक्षा अधिक कठीण होत गेले.

सुडलैमुत्तु चुलीमागून पुढे आला. सात वर्षांत तो पहिल्यानेच मेव्हण्यासमोर उभा राहत होता.

"काय मच्चान," कोंबैयाने हाक दिली, "सात वर्षांत पोट तेवढं कमावलंस!"

"बहीण तुझी. वाढते ती."

"बोल मग शब्द."

"जे लागलं नाही ते लागलं म्हणून ओरडू? शास्त्याच्या दारात? आणखी काय बोलू ते सांग. पाया पड म्हण, पडतो. आहेराची ताटं उचल म्हण, सगळी अकरा उचलतो. पण खोटं नाही बोलणार."

"आणि मी खोटा?"

"तुला वाटलं असेल लागली."

"वाटलं! वेळूचं टोक माझ्या हाताच्या नखासारखं आहे, आणि मला नुसतं वाटलं!"

आसारीने सावलीकडे पाहिले. "अहो, चुलत मामा चालतो की! पलीकडच्या चुलीवर वडिवूचा चुलतभाऊ बसलाय, रिकामाच आहे. मांडी ती मांडी."

मुत्तूच्या बाजूच्या दोघातिघांनी माना डोलावल्या. उलगम्मैनेही डोलावली. वडिवू मात्र ताडकन वळली.

"तिच्या सख्ख्या मामाची मांडी तीस पावलांवर उभी असताना मी उसनी मांडी आणू? मग तिच्या लग्नातही उसना मामा आणायचा? नाही. कान मोकळे राहिले तरी चालतील."

एवढे बोलून ती सीमेच्या दगडाकडे निघाली. सारे काही सांगून टाकायचे, या निश्चयाने तिने तोंड उघडले, तोच उलगम्मैची पकड तिच्या मनगटावर आवळली.

"गप्प," ती कुजबुजली. "चार कुळांसमोर नवऱ्याला खोटा पाडणार?"

"ते खोटे नाहीत, अत्तै. त्यांना ठाऊकच नाही."

"हे तू एकेकाच्या कानाशी जाऊन समजावणार? लोक म्हणतील, बायको वेष्टी धुते आणि नवरा अब्रू मिरवतो. आणि माझ्या भावाचा निवाडा? तो म्हातारपणी चुकीचा ठरवायचा?"

वडिवू जागीच थांबली. नेमक्या त्याच वेळी मुत्तु मोठ्याने म्हणाला:

"मग खेळू!"

सारे रान त्याच्याकडे वळले.

"इथंच. आत्ता. तीन वारांचा डाव. तू जिंकलास तर मी समजेन शास्त्यानं न्याय केला, आणि तू म्हणशील तो शब्द म्हणेन. मी जिंकलो तर तू मुकाट्यानं येऊन पाटावर बसायचंस."

कोंबैयाचा चेहरा असा उजळला, की त्याच्यात आणि पूरणीत किती साम्य आहे ते लांबच्या माणसालाही दिसावे. "हे सात वर्षांत एकदा तरी बोलायला काय झालं होतं तुला? ए, मेळवाल्यांनो! झोपलात काय!"

वडिवूने तेव्हा दोघांकडे पाहिले, आणि तिला जे दिसले त्याने ती चकित झाली. दोघेही आनंदात होते. भांडणाच्या सात वर्षांत दोघांनाही आपल्या तोडीचा गडी मिळाला नव्हता, आणि मनातल्या मनात दोघांनी एकमेकांचीच वाट पाहिली होती.

"मला खाली उतरवा," गाडीतून आसान म्हणाले. दोघांनी त्यांना धरून सीमेच्या दगडावर बसवले. मोतीबिंदूने दुधाळ झालेले डोळे त्यांनी मिटून घेतले. "मागच्या वेळी बघून निवाडा केला. आज ऐकून करीन. मेळ बंद ठेवा. मला वेळू ऐकू दे."

काव कालवली गेली. दोघांनी वेष्ट्या दुमडून कमरेला खोचल्या, जमिनीला, काठीला आणि आसानांच्या पायांना हात लावून कपाळी नेला. लोकांचे कडे आपोआप मागे सरले, आणि मधल्या धुळीत दोन चाके गुणगुणू लागली.

वडिवू आसानांची लेक. काठी हाती मिळण्याआधी सहा-सहा महिने नुसती पावले घोटणारी पोरे पाहत ती वाढली होती. तिची नजर काठ्यांवर नव्हती, पायांवर होती. मुत्तु नदीपलीकडच्या पद्धतीचा. अंतर राखून लांब, उंच वार फिरवणारा. कोंबैया मुंगसासारखा खाली वाकून आत शिरणारा. ठक! ठक-ठक! आणि पुन्हा ती गुणगुण.

"मुत्तूची काठी आज उंच बोलतेय," आसान मिटल्या डोळ्यांनी म्हणाले. "गुडघ्यावर येईल बघा."

शब्द संपायच्या आत मुत्तूचे टोक वरून वळले आणि कोंबैयाच्या गुडघ्याला स्पर्शून गेले.

"लागली!" कोंबैया स्वतःच ओरडला, इतक्या खणखणीतपणे की कडे टाळ्यांनी फुटले.

"बघ, असं ओरडायचं असतं," तो दात दाखवीत म्हणाला.

"लागल्यावर ओरडायला कुणी नाही म्हटलंय?"

पूरणी आईच्या पदराला धरून उड्या मारीत होती. "अम्मा, आपण कुणाच्या बाजूचे?"

"दोघांच्या."

"असं नसतं!" पूरणी म्हणाली, आणि ती वडिलांच्या नावाने ओरडू लागली. तेवढ्यात सेंबगमने डोक्यावरचे ताट कुणाच्या तरी हाती देऊन पदर खोचला व नवऱ्याच्या नावाने त्याहून मोठ्याने ओरडायला सुरुवात केली. वडिवूचे मनगट अजून धरून असलेली उलगम्मै, जिचा मुलगा मैदानात होता, पुटपुटत होती, "खाली वाक रे कोंबैया, खाली, तुझ्या बापानं काय शिकवलंय!" वडिवूने तिच्याकडे पाहिले तेव्हा ती गोरीमोरी झाली.

दुसरा वार कोंबैयाचा. तो तीनदा हुलकावणी देऊन चौथ्यांदा खराच आत शिरला, आणि मुत्तूच्या डाव्या खांद्यावर कावेचा टिळा उमटला.

"लागली!" मुत्तूने आकाशाकडे तोंड करून आरोळी ठोकली.

बरोबरी. आसारी सुई हातात घेऊन उभा होता आणि सावलीकडे पाहण्याचे विसरला होता.

तिसऱ्या वाराला दोघेही सावध झाले. गुणगुण बारीक झाली, पावले जमिनीला चिकटून सरकू लागली. मग कोंबैया उंच उडाला, मुत्तु उंच वार टाळण्यासाठी अंगाभोवती वळला. ती पावले वडिवूने ओळखली. सात वर्षांपूर्वीची तीच. कोंबैयाने वरचा वार मध्येच सोडून काठी खालून, मागच्या बाजूने नेली. गुणगुण निमिषभर तुटली आणि पुन्हा जुळली.

दोघेही थांबले.

"लागली म्हण!"

"लागली असती तर म्हटलं नसतं? आत्ताच नाही म्हटलं?"

"मच्चान, तीच जागा! अगदी तीच!"

"आणि तसाच तू!"

कडे फुटले. इकडचे चार तिकडच्या चौघांवर धावले, कुणाची तरी पगडी उडाली, मेळवाल्यांनी ढोल पोटाशी कवटाळले. आसानांनी हात वर केला तेव्हा कुठे गलका निवळला.

"सूर तुटला," ते म्हणाले. "पण अंगानं तुटला की वाऱ्यानं, मला नाही सांगता येत." त्यांचा आवाज थकलेला होता. "मुत्तु, इकडे ये. जवळ ये."

मुत्तु घाम पुसत सासऱ्यासमोर गेला. वडीलधाऱ्यापुढे जाताना प्रत्येक माणसाचा हात जिथे जातो तिथेच त्याचाही गेला, कमरेच्या खोच्याकडे.

"वेष्टी सोडू नका!"

ही किंकाळी आपल्याच गळ्यातून निघाली, हे वडिवूला ती अर्ध्या वाटेवर पोहोचल्यावर कळले. उलगम्मैची पकड तिने कधी झिडकारली तेही तिला आठवले नाही. तिने धावत जाऊन नवऱ्याचा हात धरला.

"अहो, हात काढा तिथला! आसान रागावले तर मी बघून घेईन. फिरा. सगळ्यांकडे पाठ करा."

मुत्तु गोंधळून फिरला. दुमडलेल्या वेष्टीवर, पाठीमागे, कमरेच्या वीतभर खाली, पैशाएवढा ओला लाल ठिपका होता.

लोक माना पुढे काढून ठिपका पाहू लागले.

"काय आहे?" आसानांनी विचारले. "कुणीतरी मला सांगा."

"काव आहे, अप्पा," वडिवू म्हणाली. "लागली आहे. त्यांना कळली नाही. दुमडलेल्या कापडाचे पदर जाड असतात तिथं."

"आणि तुला कसं कळलं कुठं बघायचं ते?"

हा प्रश्न आसानांनी अगदी हळू आवाजात विचारला. वडिवूने एकदा पूरणीच्या मोकळ्या कानांकडे पाहिले.

"मागच्या वेळीही तिथंच होती. ह्यांनी तुमच्यासमोर वेष्टी सोडली आणि ठिपका आत गेला. दुसऱ्या दिवशी नदीवर मला सापडला. मी धुऊन टाकला."

"तू धुतलीस?" मुत्तु तिच्याकडे वळला. "मला न सांगता?"

"सांगितलं असतं तर तुम्ही गावभर ओरडत गेला असता."

"गेलोच असतो!"

"म्हणूनच."

"तिला एकटीला काय विचारता?" उलगम्मै कडे भेदून पुढे आली. तिचा पदर घसरला होता आणि तो सावरण्याचे भान तिला नव्हते. "मी शेजारच्या दगडावर होते. 'अजून घास' म्हणाले. भावाचा निवाडा आणि मुलाची अब्रू एकाच कापडात होती, काय करणार होते मी? ती मघाशीच सांगायला निघाली होती. मी मनगट धरलं तिचं. विचारा, मला विचारा!"

"आणि मी?" सेंबगम उसळली. "सात वर्षं हा माणूस झोपेत बडबडतो, 'लागली होती, लागली होती!' अहो, मला तरी कानात सांगायचं! निदान मी तरी झोपले असते!"

कुणीतरी फिस्सकन हसले, आणि त्या हसण्याने कोंडलेली हवा मोकळी झाली. मुत्तूने वेष्टी तशीच वर ठेवली. तो कोंबैयाच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला, छाती भरून श्वास घेतला आणि ओरडला:

"लागली!"

ताडांवरचे कावळे उडाले.

"ही आजची. आणि ती," त्याने पुन्हा श्वास घेतला, "तीही लागली होती! तू खरा होतास, मच्चान!"

कोंबैया ज्या शब्दासाठी सात वर्षे जगला, तो त्याला एकदा मागता दोनदा मिळाला. तरीही तो हलला नाही. तो बापाकडे पाहत होता. आसान दगडाला धरून उठले. चाचपडत दोन पावले आले. त्यांचा हात प्रथम मुलाच्या छातीला लागला, मग खांद्यावर गेला.

"त्या दिवशी मी कापड तपासलं," ते म्हणाले. "तुला विचारलंच नाही. लागली, कोंबैया. मलाही लागली."

त्या दांडग्या माणसाने कपाळ बापाच्या खांद्यावर टेकले. बराच वेळ त्याची पाठ हलत होती. मान वर केली तेव्हा त्याची दृष्टी बहिणीवर स्थिरावली, आणि वडिवूने पायाखालची माती पायाच्या बोटांनी घट्ट धरली.

"आणि तू. तुला ठाऊक होतं."

"हो, अण्णा."

"गाव मला रडका म्हणायचं. पोरं माझ्यामागं 'लागली, लागली' करत धावायची. आणि तुला ठाऊक होतं."

"हो."

"तुझ्याशी काय बोलायचं ते मला सुचत नाही. म्हणून बोलणार नाही."

"नको बोलू!" आसारी मागून किंचाळला. "बोलू नको, बस! सावली पोटाला टेकली!"

मग जी धांदल उडाली तिचे वर्णन आजही आमच्याकडे करतात. कोंबैयाने पूरणीला उचलून खांद्यावर टाकले आणि धूम ठोकली. त्याच्यामागे अकरा ताटे धावली. मेळवाले धावता धावताच वाजवू लागले. आसानांना मुत्तूने पाठुंगळीला घेतले. सेंबगमच्या ताटातला एक नारळ घरंगळत नदीपर्यंत गेला. कोंबैया पाटावर आदळला, मांडी घातली आणि भाचीला तीत बसवले. धापांनी त्याचे सारे अंग हलत होते.

"मांडी हलवू नको!" आसारी गुरगुरला. "कान टोचतोय, मासा पकडत नाही!"

"श्वास घेऊ की नको?"

"टोचून झाल्यावर घे."

कोंबैयाने खरोखरच श्वास रोखला. पूरणीने त्याचे दोन्ही अंगठे मुठींत धरले आणि डोळे वटारून आसारीकडे पाहू लागली. पहिल्या कानाला ती हूं की चूं बोलली नाही. दुसऱ्या कानाला मामाच्या डोळ्यांतून टपकलेले पाणी तिच्या मानेवर पडले, तशी ती वळून म्हणाली, "मामा, सुई तुला टोचली का?"

जेवणे मांडली तेव्हा ऊन उतरणीला लागले होते. मानाचे पहिले पान मामाचे, आणि वाढायचे बहिणीने. वडिवूने भात वाढला, सांबार वाढले, भोपळ्याची भाजी वाढली. कोंबैया मुत्तूशी तोंडात घास असतानाच भांडत होता, की तिसऱ्या वाराला डावी टाच उचलली नसती तर काय झाले असते; आणि मुत्तु केळीच्या पानावर बोटाने पावले काढून दाखवीत होता. सेंबगमशी कोंबैया बोलला, आसारीशी बोलला, उलगम्मैला "अत्तै, लोणचं" म्हणाला. वाढणाऱ्या हाताकडे त्याने एकदाही पाहिले नाही. भात आला की पान पुढे करी, पुरे झाले की तळहात आडवा धरी.

शेवटचा घास संपला. आता पान मिटायचे. मंगलकार्यात जेवलेला माणूस पान आपल्याकडे मिटतो, म्हणजे नाते पुढे चालू राहते. सुतकाच्या घरी जेवलेला पलीकडे मिटतो, म्हणजे पुन्हा येणे नको. वडिवू भाताची टोपली कमरेशी धरून उभी राहिली. कोंबैयाचा हात पानावर उतरला. तो उतरला तो अलीकडच्या कडेवर, जी धरली असता पान पलीकडेच मिटते. त्याची बोटे त्या कडेखाली गेली. उलगम्मैचे बोलणे अर्ध्यावर थांबले. मुत्तूनेही मान वळवली.

बोटे तिथेच राहिली. मग ती हळूहळू मागे आली, आणि कोंबैयाने पानावर उरलेली भाताची दोन शिते एकत्र केली.

"वडिवू," तो पानाकडे पाहतच म्हणाला, "सात वर्षांचा उपाशी माणूस जेवायला बसवलास आणि मूठभर भातावर बोळवण करतेस? वाढ की!"

वडिवू वाकली. वाढता वाढता तिला थांबायचे सुचेना. टोपलीच तिरपी झाली आणि भाताची रास पानाच्या कडांवरून ओसंडू लागली.

"अगं, अगं, पान दिसेनासं झालं!" आसारी ओरडला. "मिटायचं कसं त्यानं?"

"असू दे," कोंबैया भातात हात घालीत म्हणाला. "मिटायची घाई कुणाला आहे?"